‘निर्मल हृदय’मधील प्रकाश

मदर तेरेसा यांचे कार्य पाश्चात्त्य जगाला घरोघरी परिचित करून देण्यात एका अनुबोधपटाचा वाटा मोठा आहे. ब्रिटिश पत्रकार माल्कम मगरिज यांनी बीबीसीसाठी १९६९ साली कलकत्त्यात चित्रित केलेला ‘समथिंग ब्यूटिफुल फॉर गॉड’ हा तो अनुबोधपट होय. त्याच नावाचे त्यांचे पुस्तक १९७१ साली प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकातील एका प्रसंगावरून श्रद्धावंत आणि संशयवादी यांच्यात पुढे बराच वाद झाला. त्या वादात छायाचित्रणकलेचा एक मोलाचा धडा मात्र दुर्लक्षित राहिला.

प्रसंग असा. कालीघाट येथे १९५२ साली सुरू झालेल्या ‘निर्मल हृदय’ या मरणासन्नांच्या आश्रयस्थानात चित्रण करावयाचे होते. भिंतींत उंचावर असलेल्या लहान खिडक्यांतून येणारा उजेड मंद होता आणि चमूजवळ एकच छोटा दिवा होता. येथे चित्रण होणे शक्य नाही, असे कॅमेरामन केन मॅकमिलन यांचे ठाम मत होते. तरीही प्रयत्न करून पाहावा असे ठरले. हाताशी काहीतरी असावे म्हणून बाहेरच्या अंगणात, उन्हात बसलेल्या रुग्णांचेही चित्रण करून घेण्यात आले. फिल्म धुऊन पाहिली, तेव्हा आतील दृश्ये एका मृदू, सुंदर प्रकाशात न्हाऊन निघालेली दिसली. बाहेरची मात्र अंधूक आली होती. मगरिज यांनी हा चमत्कार मानला. त्या वास्तूत भरून राहिलेली प्रीतीच प्रकाशरूपाने फिल्मवर उमटली, अशी त्यांची धारणा झाली.

मॅकमिलन यांनी सांगितलेली हकिकत निराळी आहे. मदर तेरेसा यांच्यावर कठोर टीका करणाऱ्या क्रिस्टोफर हिचन्स यांनी १९९४ साली ती दूरचित्रवाणीवरून लोकांसमोर आणली. कोडॅक कंपनीची एक नवी फिल्म प्रवासाच्या थोडे आधी हाती आली होती आणि ती पारखून पाहण्यास वेळ मिळाला नव्हता. पडद्यावरील परिणाम पाहून मॅकमिलन कोडॅकचे गुणगान करणार, तोच मगरिज दिव्य प्रकाशाविषयी बोलू लागले.

एका पक्षाने सारे श्रेय स्वर्गाला दिले, दुसऱ्याने कारखान्याला. त्या दालनातला प्रकाश मुळात कसा होता, हा छायाचित्रकाराचा प्रश्न दोघांनीही विचारला नाही.

प्रकाशाचे प्रमाण आणि प्रकाशाचा गुण या दोन भिन्न गोष्टी आहेत. मॅकमिलन यांची चिंता प्रमाणाची होती आणि ती रास्त होती. दूरचित्रवाणीसाठी चित्रण करताना सेकंदाला पंचवीस चौकटी टिपाव्या लागतात. त्यामुळे प्रत्येक चौकटीच्या वाट्याला साधारण १/५० सेकंद एवढाच उजेड येतो. स्थिरचित्र घेणारा कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून पाव सेकंद शटर उघडे ठेवू शकतो. चलच्चित्र घेणाऱ्याला ती मुभा नाही. अधिक संवेदनशील फिल्मने ही उणीव भरून काढली. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओचा आकडा ४०० वरून ८०० केला की निम्मा उजेड पुरतो. तत्त्व तेच आहे. परंतु फिल्म उजेडाला मृदुता देत नाही. उंच खिडकीतून एकाच दिशेने उतरणारा, भिंतींवरून परावर्तित होऊन सौम्य झालेला, चेहऱ्याची एक बाजू उजळून दुसरी हलक्या छायेत ठेवणारा प्रकाश त्या दालनात आधीच होता. तो अपुरा होता, वाईट नव्हता. उलट, अंगणातल्या उन्हात उजेडाची रेलचेल असते, पण माथ्यावरचे ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठवते.

हा धडा आपल्या धर्मग्रामांतील छायाचित्रांना लावून पाहावा. विवाह, प्रथम कम्युनियन, दृढीकरण यांचे आल्बम चाळले की बहुतेक ठिकाणी एकच दृश्य आढळते: वधूवरांचे चेहरे पांढरेफटक आणि मागील वेदी काळोखात बुडालेली. याचे कारण कॅमेऱ्यावर बसविलेला फ्लॅश. फ्लॅशपासून दुप्पट अंतरावर त्याचा उजेड एकचतुर्थांशच उरतो. म्हणून जवळचा चेहरा भाजतो आणि दूरची वेदी दिसेनाशी होते. शिवाय हा उजेड समोरूनच आदळत असल्याने चेहऱ्यावरील चढउतार पुसले जातात. आपल्या कित्येक जुन्या चर्चमध्येही उंच खिडक्या आहेत. सकाळच्या मिस्सेला त्यांतून येणारा प्रकाश आपण स्वतःच्याच हातांनी मारून टाकतो.

एक्स्पोजरची गोष्टही अशीच. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सर्व काही मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे चौकटभर पांढरा पोशाख असेल तर तो करडा, मळकट उमटतो. पांढऱ्या झग्यातील वधू असो, प्रथम कम्युनियनची बालके असोत किंवा निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतील भगिनी, मापक दाखवील त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप अधिक एक्स्पोजर द्यावे. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. मोबाइलवर बहुधा चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा वर सरकवला की हेच साधते. मात्र पोशाखावरील जाळी व चुण्या दिसेनाशा होतील इतके पुढे जाऊ नये.

रचनेत तर आपला दोष सौंदर्यापुरता मर्यादित राहत नाही. खाटेवरील रुग्णाचे छायाचित्र उभ्याने, वरून खाली घेतले की तो दयेचा विषय होतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला की तो माणूस होतो. सेवाकार्याच्या अहवालांत मदत स्वीकारणाऱ्याचा हात आणि देणाऱ्याचा हसरा चेहरा दाखविण्याची रीत आहे. चौकटीत कोणाला जागा दिली आणि कोणाला कापले, यावरून आपली करुणा कोणाकडे वळली आहे ते उघड होते.

मगरिज यांच्या भावनेची चेष्टा करण्याचे कारण नाही. ते १९८२ साली कॅथलिक ख्रिस्तसभेत आले. त्या दालनात त्यांना जे जाणवले ते खरेच होते. चूक झाली ती पुरावा शोधण्याच्या जागेत. ख्रिस्तसभेने २००३ साली मदर तेरेसा यांना धन्यवादित आणि २०१६ साली संत घोषित केले, तेव्हा मान्य केलेले दोन्ही चमत्कार रोगमुक्तीचे होते. फिल्मवरील प्रकाशाचा त्यांत समावेश नव्हता. आज वेदीवर उतरलेल्या तेजाची म्हणून जी छायाचित्रे मोबाइलवर फिरतात, त्यांतील पुष्कळ तेज दिव्याच्या किंवा उन्हाच्या किरणांनी भिंगातच परावर्तित होऊन निर्माण केलेले असते. हे ठाऊक असल्याने श्रद्धा उणी होत नाही. ती अधिक प्रामाणिक होते. मरणाऱ्याजवळ कोणी तरी बसून राहिले होते, ही त्या अनुबोधपटातील थोर गोष्ट होय. फिल्मच्या गुणामुळे ती आपल्याला दिसली, एवढेच; ती घडली मात्र माणसांमुळे.

म्हणून पुढील प्रथम कम्युनियनच्या वेळी एक साधा प्रयोग करावा. छायाचित्रकाराला आदल्या दिवशी मिस्सेच्याच वेळी चर्चमध्ये यावयास सांगावे. कोणत्या खिडकीतून उजेड कुठवर येतो, हे त्याने कॅमेरा न उघडता पाहावे. मग दुसऱ्या दिवशी फ्लॅश पेटीतच ठेवून, वेदीच्या पायरीवर न चढता, त्या उजेडात एखादे बालक येईपर्यंत त्याने थांबावे. छायाचित्रे संख्येने कमी निघतील. पण त्यांत मुलांचे चेहरे असतील, आणि मागे वेदीही दिसेल.