संदर्भसूचीत धवलेरी कुठे बसते?

मोखाड्याच्या मैत्रिणीचा एम.ए.चा प्रबंध मी लॅटेकमध्ये बसवून देत होतो. विषय वारली लग्नगीतं. शीर्षकपान दहा मिनिटांत झालं: विषय, तिचं नाव, मार्गदर्शक, विभाग, वर्ष. संदर्भसूचीही सोपी वाटली. के. जे. सावे, 'द वारलीज', १९४५. यशोधरा डालमिया, 'द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज', १९८८.

पण ज्या धवलेरीकडून गाणी उतरवून घेतली, ती कुठे लिहायची? वारल्यांचं लग्न परंपरेनं धवलेरीच गाऊन लावते. प्रबंधात तिची गाणी चाळीस पानं, आणि ती स्वतः ऋणनिर्देशात, चार शब्दांत: 'आणि पाड्यावरील सर्व महिला'.

एपीए शैलीची २०१९ची सातवी आवृत्ती उघडली. ध्वनिमुद्रण कुठे उपलब्ध असेल तर ते सूचीत येतं. नाहीतर बोलणं हा 'वैयक्तिक संवाद'. तो मजकुरातच कंसात नोंदवायचा, सूचीत नाही, कारण वाचकाला तो मिळवता येत नाही. मी सॉफ्टवेअरवाला, न उघडणाऱ्या लिंकचा वैताग मला कळतो. पण १९४५चं पुस्तक शोधायला मुंबईचं ग्रंथालय गाठणं चालतं, मग जव्हारची एसटी पकडणं का चालत नाही?

दुसरी अडचण सवयीची आहे. १९९२मध्ये वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हापासून जव्हार-मोखाड्यावर बरेच अहवाल निघाले. आजारी मुलाच्या आईचं नाव लपवणं योग्यच, ते तिला जपणं आहे. तीच सवय गाण्याला लावली की जपणं राहत नाही, नाव गाळणं होतं. आजाराची माहिती देणारी आणि गाणं जाणणारी, दोघी 'माहितीदार' या एकाच रकान्यात जातात.

कॅनडातल्या क्री समाजाच्या ग्रंथपाल लोरिसिया मॅक्लाउड यांनी २०२१मध्ये यावर साधा नमुना मांडला: जाणत्या व्यक्तीचं नाव, समाज, राहण्याचं ठिकाण, विषय, तारीख. आणि ही नोंद थेट सूचीत, पुस्तकांच्या रांगेत.

आमच्याकडे बिबटेक होतं. त्यात पुस्तकाला लेखक किंवा संपादक नसेल तर इशारा येतो. 'मिस्क', म्हणजे किरकोळ, या प्रकारात मात्र काहीच सक्तीचं नाही. नाव गाळलं असतं तरी यंत्र गप्प बसलं असतं. म्हणजे जबाबदारी आमचीच.

नाव छापायचं तर आधी विचारायला हवं. मैत्रिणीनं फोन लावला. धवलेरी हो म्हणाली आणि तिनं उलट विचारलं, "माझ्यासंगं गाणारीचं पण घालशील ना?"

गाणं एकटीचं नसतं, हे आम्हाला शैलीपुस्तिकेनं सांगितलं नव्हतं. नोंदीत दोन्ही नावं घातली. पीडीएफ बनली. सावेंच्या वर की खाली, ते वर्णक्रमानं ठरवलं.