'ऑनेस्ट' आणि 'प्रामाणिक'

शब्दाला अनेक अर्थ असतात, हे कोशकारही सांगतो. विल्यम एम्पसनचा 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स' (१९५१) हा ग्रंथ त्यापुढे जातो. एकाच शब्दातील दोन अर्थ परस्परांविषयी काही विधान करीत असतात आणि शब्द वापरणारा ते नकळत मान्य करून बसतो, अशी त्याची भूमिका आहे. ती मांडण्यासाठी योजलेली चिन्हांकित समीकरणे क्लिष्ट आहेत. वाचकाने ती ओलांडली तरी फारसे बिघडत नाही. 'ऑथेल्लो'वरील प्रकरण मात्र ओलांडता येत नाही.

या नाटकात 'ऑनेस्ट' आणि 'ऑनेस्टी' ही रूपे ५२ वेळा येतात, असे एम्पसन नोंदवतो. मूळ लॅटिन शब्दाचा संबंध सन्मानाशी. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीत त्याला सत्यवचनी, सरळ, दिलखुलास असे पदर होते. स्त्रीच्या संदर्भात तो शीलवाचक होता. आणि वरिष्ठाने कनिष्ठाविषयी वापरला की त्यात पाठ थोपटल्याचा सूर येई. हा शेवटचा पदर निर्णायक आहे. बढती कॅशिओला मिळते, इयागोच्या वाट्याला हे विशेषण येते. ज्या शब्दाने त्याचा गौरव होतो, त्याच शब्दाने त्याला त्याची पायरीही दाखवली जाते. पहिल्याच प्रवेशात इमानी चाकरांची तो जी टवाळी करतो, तिचे मूळ येथे शोधता येते. ऑथेल्लो मात्र इयागोची सचोटी आणि डेस्डेमोनाचे शील यांसाठी एकच शब्द वापरतो. एकाचे खरे ठरणे म्हणजे दुसऱ्याचे खोटे ठरणे, हा पेच असा भाषेनेच रचलेला आहे. शेवटच्या अंकात एमिलियासमोर तो इयागोसाठी हे विशेषण लागोपाठ दोनदा उच्चारतो, तेव्हा डेस्डेमोनाच्या वाट्याचा अर्थही त्याने इयागोला देऊन टाकलेला असतो.

मराठीत हे नाटक महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या भाषांतरातून (१८६७) आणि देवलांच्या 'झुंजारराव' (१८९०) या रूपांतरातून आले. आज सहज सुचणारा पर्याय 'प्रामाणिक'. त्यात शीलाचा अर्थ नाही, पाठ थोपटणारा सूरही नाही. पत्नीसाठी दुसरा शब्द योजावा लागतो आणि मूळचा पेच तुटतो. हे नुकसान मोठेच. परंतु 'प्रामाणिक' हा 'प्रमाण'पासून सिद्ध झालेला शब्द आहे. ऑथेल्लो इयागोकडे डोळ्यांदेखतचा पुरावा, म्हणजे नैयायिकांच्या परिभाषेत प्रत्यक्ष प्रमाण, मागतो. त्याला मिळते ते रुमालावरून केलेले अनुमान. आणि तेही इयागोला आप्त मानल्यामुळेच ग्राह्य ठरते. प्रामाणिकाचा शब्द हेच प्रमाण, हा संबंध इंग्रजी शब्दाच्या व्युत्पत्तीत नाही. नाटकात मात्र तो आहे. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात 'ऑनेस्ट'चा उच्चार आणि पुराव्याची मागणी एकाच भाषणात, काही ओळींच्या अंतराने येतात.