भिणारा कोण? ‘लुचाई’ वाचताना

गुंजवण्यात, राजगडाच्या पायथ्याशी उभं राहून भुताखेतांवर बोलायचं म्हणजे धाडसच. इथं प्रत्येकाकडे माझ्यापेक्षा सरस गोष्ट असणार. पण आज विषय आहे नारायण धारपांची ‘लुचाई’. स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर ती बेतलेली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. भुतांवर माझा विश्वास नाही. तरी गेल्या पावसाळ्यात, इथंच मुक्कामाला असताना लाइट गेली, बॅटरीच्या उजेडात ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचली, आणि खिडकीची कडी दोनदा तपासली! मग प्रश्न पडला: जे नाहीच असं मी मानतो, त्याला मी भ्यालो कसा?

याचं उत्तर हजार वर्षांपूर्वी अभिनवगुप्तांनी देऊन ठेवलंय. ते उदाहरण घेतात ‘शाकुंतला’तल्या हरणाचं, दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या. प्रेक्षकाला जाणवणारं भय त्या हरणाचं नसतं आणि प्रेक्षकाचं स्वतःचंही नसतं. ते स्थळकाळातून सुटलेलं निव्वळ भय असतं. म्हणजे भिण्यासाठी भुतावर विश्वास लागत नाही.

‘लुचाई’ पकड घेते ती तिच्या संथपणामुळे. जुन्या वास्तूत काहीतरी येऊन राहतं आणि वस्ती हळूहळू गिळली जाते. मला त्या येणाऱ्यापेक्षा जास्त भीती वाटली ती माणसांच्या समजुतीची. काही विपरीत घडलं की आपण लगेच साधं कारण शोधतो, आणि झोपी जातो.

एक तक्रारही नोंदवतो. धारपांच्या जगात अमंगळ बहुधा बाहेरून येतं. वाचकाला ते सोयीचं असतं. पण प्रत्यक्षात हीच समजूत गावातल्या एखाद्या एकट्या बाईवर उलटते. तिला चेटकीण ठरवलं जातं. असल्या प्रकारांसाठी महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. रसातलं भय कुणाचंच नसतं, म्हणून ते निर्मळ. तेच नेऊन कुणाच्या दाराला चिकटवलं, की अन्याय सुरू होतो.

तेव्हा ‘लुचाई’ जरूर वाचा. रात्रीच वाचा. भीती मात्र पुस्तकात ठेवा, आणि सकाळी उठून शेजारी कोण दिसत नाही, याची चौकशी करा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.