‘पावनखिंड’: तलवारीपलीकडचे शौर्य

दिग्पाल लांजेकर दिग्दर्शित ‘पावनखिंड’ हा चित्रपट २०२२ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. कथानक सर्वपरिचित आहे. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला चार महिन्यांहून अधिक काळ वेढा घातला होता. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज भर पावसात गडाबाहेर पडले. दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या मावळ्यांनी घोडखिंड अडवून धरली. महाराज विशाळगडी पोहोचेपर्यंत शत्रूला रोखणे, एवढेच त्यांचे कर्तव्य होते.

अजय पूरकर यांचा बाजी भारदस्त आहे, तर चिन्मय मांडलेकर यांनी महाराजांची घालमेल समंजसपणे व्यक्त केली आहे. बाजींबरोबर बांदलांच्या सेनेलाही मान मिळतो, हे दिग्दर्शकाचे श्रेय. मात्र खिंडीतील लढाई सुरू होताच चित्रपट तलवारीच्या प्रेमात पडतो. संथ गतीने दाखविलेले वार आणि कानठळ्या बसविणारे संगीत यांत जखमेची वेदना हरवते. बाजींचे मोठेपण किती शत्रू पाडले यात नाही. तोफांचे आवाज कानी येईपर्यंत जागा न सोडण्यात आहे.

या दृष्टीने शिवा काशीद अधिक विचार करायला लावतो. पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या नेबापूरचा हा नाभिक महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसला आणि पकडला जाऊन मारला गेला, असे परंपरा सांगते. त्याने कोणाला मारल्याची कथा नाही. दुसऱ्याचे मरण त्याने स्वतःवर घेतले. क्रुसाकडे पाहत वाढलेल्या आपल्या कुटुंबांना या त्यागाचा अर्थ वेगळा उलगडून सांगायला नको. चित्रपटाने त्याच्यापाशी आणखी थोडे थांबायला हवे होते.

आपल्या परिसराला सैन्य आणि शस्त्रे अपरिचित नाहीत. महायुद्धकाळातील कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत तर कित्येकांनी उभी हयात घालविली. हिंसेने उठविलेली घरे आणि शस्त्राचे खरे वजन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पडद्यावरचे हलकेफुलके मरण खटकल्यावाचून राहणार नाही.

तरीही पालकांनी हा चित्रपट मुलांसह जरूर पाहावा. घरी परतल्यावर मात्र ‘कोण किती शूर?’ एवढेच न विचारता ‘कोण कोणासाठी मेले?’ हेही विचारावे. मुलांच्या उत्तरात बाजींबरोबर शिवा काशीदचेही नाव आले, तर चित्रपट पाहिल्याचे सार्थक झाले म्हणायचे.