नाव मोठे, वेग छोटा

‘सेकंदाला २००० मेगाबाइटपर्यंत’ असे ठळक अक्षरांत छापलेला एक बाह्य ड्राइव्ह आमच्या प्रयोगशाळेत आला. दहा-बारा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपला तो जोडून ५० गिगाबाइट माहिती त्यावर उतरवायला घेतली. खोक्यावरच्या आकड्याप्रमाणे २५ सेकंद पुरायला हवे होते. लागली आठ मिनिटांहून अधिक! ड्राइव्ह अगदी ठीक होता. दोष होता तो वेग सांगण्याच्या रीतीत.

लॅपटॉपची डिस्क, पोर्ट, केबल आणि ड्राइव्ह अशा साखळीतून माहिती जाते. तिच्यातील सर्वांत मंद कडीचा वेग तोच साऱ्या साखळीचा वेग. आता पोर्ट पाहा. २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात ३५-४० च मिळतात. २००८ च्या यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट. आठाने भागले तर ६२५ मेगाबाइट येतात. पण यात दर ८ बिट पाठवण्यासाठी १० बिट खर्ची पडतात, म्हणून कमाल मर्यादा ५०० ची. आमच्या लॅपटॉपचे पोर्ट याच जातीचे. शिवाय त्याची फिरती डिस्क सेकंदाला जेमतेम १०० मेगाबाइट देणारी. मग आठ मिनिटे लागली यात नवल ते काय?

हा हिशेब ग्राहकाला करता आला असता, पण नावांनी तो अवघड करून ठेवला. २००८ चे ‘३.०’ पुढे २०१३ मध्ये ‘३.१ जेन १’ झाले आणि २०१७ मध्ये ‘३.२ जेन १’. वेग तोच, ५ गिगाबिट! त्यामुळे नुसते ‘३.२’ लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ ५, १० किंवा २० गिगाबिट यांपैकी काहीही होऊ शकतो. आमच्या ड्राइव्हला २० गिगाबिटचे ‘जेन २×२’ पोर्ट हवे. ते कित्येक नव्या लॅपटॉपांतही नसते आणि मग जोडणी १० वर उतरते. ‘टाइप-सी’ हे तर केवळ खाचेच्या आकाराचे नाव. मोबाइल चार्ज करण्याच्या अनेक टाइप-सी केबलींत माहितीसाठी यूएसबी २.० च्याच तारा असतात.

नाव बदलले आणि राशी तीच राहिली, असे आपल्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत केले तर आपण गुण कापू. २०२२ मध्ये संबंधित मानक संस्थेने थेट गिगाबिटचा आकडा लिहिण्याची शिफारस केली, हे स्वागतार्ह. पण तोवर विकल्या गेलेल्या असंख्य यंत्रांवर जुनीच नावे आहेत.

शाळेच्या तुटपुंज्या निधीतून खरेदी करताना म्हणून आधी लॅपटॉपचे पोर्ट तपासावे. ते ५ गिगाबिटचे असेल, तर साधा सॉलिड स्टेट ड्राइव्ह पुरतो. आतली डिस्क फिरती असेल, तर उरलेले पैसे ती बदलण्यात घालणे शहाणपणाचे.

वर्गातही हे करून पाहता येईल. एक मोठी फाइल उतरवा, घड्याळ लावा आणि आकारमानाला वेळेने भागा. मग एका वेळी एकच कडी बदला: कधी केबल, कधी पोर्ट. मंद कडी कोणती, हे मुले स्वतःच शोधून काढतील. आणि पुढे जाहिरातीतला ‘पर्यंत’ हा शब्द वाचायला विसरणार नाहीत.