सुपारीची वही

जुन्या दप्तरांचे वेड महाराष्ट्राला इतिहासाचार्य राजवाड्यांनी लावले. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड निघाला, पुढे बावीस झाले, आणि देशमुख-कुलकर्ण्यांच्या माळ्यावरच्या पेटाऱ्यांत आपला इतिहास कुजत पडला आहे ही गोष्ट सुशिक्षितांच्या प्रथमच ध्यानी आली. त्या परंपरेचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु एक उणीव कबूल केली पाहिजे. संशोधकांची पावले वाड्यांकडे वळली, मठांकडे वळली; ज्यांच्यावाचून वाड्यातील लग्न लागत नसे त्या वाजंत्र्यांच्या आणि बँडवाल्यांच्या दाराशी ती क्वचितच थांबली. त्यांच्याकडे कागद असतील, हेच कोणास सुचले नाही.

हा विचार मनात येण्यास कारण देवळाली कॅम्प. हे गाव वसले ते मुळी पलटणींसाठी, १८६१ च्या सुमारास. मुदत भरलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे महिनोन् महिने रिकामे बसत, आणि त्या कंटाळ्याने ज्यांची डोकी फिरत त्यांच्यासाठी इंग्रजीत 'डूलाली' हा शब्दच रूढ झाला. त्याचे पूर्ण रूप 'डूलाली टॅप' असे आहे. त्यातील 'टॅप' म्हणजे आपला घरचा ताप! दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस येथे तोफखान्याची एक गाण्या-नकलांची मंडळी होती. तींत असलेल्या जिमी पेरी नावाच्या सैनिकाने पुढे त्या आठवणींवरून, डेव्हिड क्रॉफ्ट ह्यांच्या जोडीने, 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका लिहिली. बी.बी.सी.वर ती १९७४ ते १९८१ पर्यंत चालली. तिच्यातील रंगी राम हा हिंदी नोकर मायकेल बेट्स ह्या इंग्रज नटाने तोंडास रंग फासून उभा केला, याबद्दल तिजवर पुढे पुष्कळ टीका झाली. ती टीका योग्यच आहे. आमचे म्हणणे त्याहून निराळे आहे. दोन-चार वर्षे येथे राहून गेलेल्यांची देवळाली जगाला ठाऊक झाली, कारण त्यांच्या आठवणींना लेखणी मिळाली आणि चित्रफीत मिळाली. जे येथेच राहिले, येथेच वाजवीत राहिले, त्यांचे काय?

लष्करी बँड हे आपल्या वरातीच्या बँडाचे मूळ होय. कॉर्नेट, क्लॅरिनेट, युफोनियम ही वाद्ये छावणीतून बाजारात आली आणि बाजारातून लग्नमंडपात शिरली. त्यांचा झगझगीत पोशाख हाही पलटणीच्या गणवेषाचाच दूरचा वंशज. ह्या विषयावर नाव घेण्याजोगा ग्रंथ ग्रेगरी बूथ ह्यांचा 'ब्रास बाजा', आणि तो ऑक्सफर्डने २००५ साली काढला, मराठी प्रकाशकाने नव्हे. बूथ गावोगाव फिरले आणि बँडवाल्यांना त्यांनी बोलते केले. त्यांचा ग्रंथ मुख्यतः ह्या बोलण्यावर उभा आहे, आणि मुलाखतीची मर्यादा त्यालाही आहेच. सत्तरीचा मनुष्य आपल्या आज्याबद्दल सांगतो ते ओघाने सांगतो, हिशेबाने नव्हे.

हिशेब मात्र असतो. कॅम्पातील एका घरी आम्ही अलीकडे एक पत्र्याची पेटी पाहिली. घरचा बँड तीन पिढ्या चालून बंद पडला होता. पेटीत छायाचित्रे होती, हाताने उतरलेली स्वरलिपी होती, गणवेषाची पितळी बटणे होती आणि तळाशी, कापडात बांधलेली, सुपारीची वही होती. आमच्या आधी काही उत्साही तरुण येऊन पेटीचे 'डिजिटायझेशन' करून गेले होते. त्यांनी चाळीसएक छायाचित्रांच्या प्रती घेतल्या आणि वही उघडलीसुद्धा नाही.

ह्या तरुणांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही; त्यांच्या अभिरुचीविषयी आहे. बँडाचे छायाचित्र एक पाहिले की शंभर पाहिल्यासारखे होते: मध्ये बँडमास्तर, दोन्ही बाजूंस वाद्ये, पुढे आडवा ठेवलेला ढोल. वहीचे प्रत्येक पान निराळे. भगूर, सिन्नर, घोटी, लासलगाव. गडी किती, इसार किती, बाकी किती, रात्रीचे जेवण यजमानाकडे की पदरचे, कोणत्या चित्रपटाची चाल वाजवण्याची अट. वैशाखात पाने भरगच्च आणि चातुर्मासात कोरी. मध्येच रुपये-आणे-पै संपून नवे पैसे सुरू होतात, म्हणजे १९५७ साल उजाडले. 'बाकी आली नाही' हा शेरा तर इतक्या ठिकाणी आहे की जिल्ह्यातील प्रतिष्ठितांची ती एक उलटी यादीच व्हावी. पेशवे दफ्तरातून सरदेसायांनी पंचेचाळीस भाग निवडून काढले. ती निवड करणारा आयुष्यभर त्या कागदांत बुडालेला होता. येथे निवड केली ती दोन तासांच्या पाहुण्यांनी.

स्वरलिपीचीही तीच कथा. नाटक मंडळीत प्रत्येक नटाला फक्त त्याची नक्कल मिळे, सबंध नाटक नव्हे. तसेच बँडात प्रत्येक वाद्याचा कागद निराळा असतो. कॉर्नेटचा गठ्ठा एकीकडे आणि युफोनियमचा दुसरीकडे गेला की ती चाल पुन्हा जुळणे कठीण. म्हणून पेटीतील क्रम हाच पहिला दस्तऐवज समजावा. कागद ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने त्यास पेन्सिलीने क्रमांक द्यावा, दोन्ही बाजूंच्या प्रती घ्याव्यात, कोरे पान वगळू नये, आणि प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात, कारण संगणकाची तबकडी शाईच्या निम्मेही टिकत नाही. सुरेश चांदवणकरांनी ब्रिटिश ग्रंथालयाच्या साहाय्याने 'यंग इंडिया' ह्या मुंबईच्या जुन्या छापाच्या ध्वनिमुद्रिकांचे काम केले, तेव्हा त्यांनी आवाजाबरोबर लेबले आणि सूचिपत्रेही उतरून घेतली. ह्याला जतन म्हणतात.

नरेश फर्नांडिस ह्यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) हे मुंबईच्या जॅझवरील पुस्तक आम्हांस फार आवडते. चिक चॉकलेटसारखे गोमंतकीय वादक त्यात जिवंत होतात, ते बव्हंशी कुटुंबांनी जपलेल्या चित्रांमुळे आणि कात्रणांमुळे. पण त्या घरांना आपल्या वादकाचा अभिमान होता. वरातीच्या बँडवाल्याच्या नातवास पुष्कळदा तो नसतो. वाजवणाऱ्याची जात विचारणाऱ्या समाजाने तो राहू दिलेला नाही. आम्ही पाहिलेली पेटी पलंगाखाली मागे सरकवलेली होती, ती जागेच्या टंचाईमुळे नव्हे. नोकरीस लागलेल्या नातवाचे म्हणणे, चित्रे खुशाल न्या, वही कशाला? तीत बापजाद्यांनी दारोदार केलेले तगादे आहेत.

हा आक्षेप हलका नाही. ज्यांनी पैसे बुडविले त्यांचे वंशजही आज हयात आहेत. आमच्या मते प्रत सबंध वहीची घ्यावी. लोकांसमोर काय ठेवावे आणि केव्हा, हे त्या घराने ठरवावे. हे दोन निर्णय वेगळे आहेत. दुसरा लांबला तर काही बिघडत नाही. पहिला मात्र लांबता उपयोगी नाही, कारण वहीच्या कडा वाळवीने धरल्या आहेत आणि 'ग. भाऊ' म्हणजे कोण, कोणत्या पानावरील अंगठा कोणाचा, हे सांगणारा त्या घरात एकच मनुष्य उरला आहे.

ते आजोबा क्लॅरिनेट वाजवीत. आता दात नाहीत, त्यामुळे वाद्य ओठांत धरवत नाही. पण वहीचे पान उलटले की त्या रात्री काय वाजविले ते बोटांनी मांडीवर दाखवितात. नातू त्या वेळी दाराशी उभा होता. शेवटी त्यांनी वहीची प्रत घेऊ देण्याचे कबूल केले, एका अटीवर: वही उंबरठ्याबाहेर जाणार नाही. अट आम्हांस मान्य आहे. स्कॅनर त्यांच्या घरी नेण्याची व्यवस्था चालू आहे, आणि ते बोलतील ते मुद्रित करून घेण्याचे काम नातवाने पत्करले आहे.