दुसऱ्या चार्लसची नौका व ईव्हलिनची नोंद

इंग्लंडांतील नौकाक्रीडेचा आरंभ सांगणारे लेखक जॉन ईव्हलिनच्या रोजनिशींतील ता. १ ऑक्टोबर १६६१ च्या नोंदीवर विसंबतात. टेम्स नदींत ग्रिनिच ते ग्रेव्हझेंड व परत अशी राजा दुसरा चार्लस व त्याचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क यांच्या नौकांची शंभर पौंडांची पैज लागली. जातांना वारा प्रतिकूल असल्यानें राजा मागें पडला, येतांना त्यानें बाजू सांवरली, व मधून मधून सुकाणूही स्वतः धरलें, अशी हकीकत तींत आहे. राजा निर्भेळ जिंकला असें जें कांहीं ठिकाणीं छापलें जातें, त्यास या नोंदीचा आधार नाहीं.

परंतु नोंद कोणत्या जातीचा कागद आहे? ईव्हलिनची रोजनिशी या भागापुरती नांवाचीच रोजनिशी होय. जुन्या टिपणांवरून त्यानें ती पुष्कळ वर्षांनीं उतरविली, हें डी बीयर यांच्या १९५५ च्या आवृत्तीवरून स्पष्ट होतें. ही बखर नव्हे, पण आपल्या दप्तरांतील अस्सल पत्राचा दर्जाही तिला देतां येत नाहीं. राजाची पहिली यॉट डच ईस्ट इंडिया कंपनीनें नजर केली, असें ईव्हलिन लिहितो. वस्तुतः १६६० सालीं 'मेरी' ही नौका ॲम्स्टरडॅम नगरीनें दिली. नौका मूळची कंपनीची असल्यानें घोटाळा झाला असावा.

सॅम्युएल पेपिसची लघुलिपींतील रोजनिशी या बाबतींत अधिक जवळची. ता. ८ नोव्हेंबर १६६० रोजीं त्यानें ही डच नौका पाहिली. एवढ्याशा तारवांतील टापटीप व ऐसपैस जागा पाहून तो थक्क झाला. हिच्याहून सरस नौका देशाच्या अब्रूसाठीं पेट बांधणार, हें तो नमूद करतो, आणि तें साधेल कीं नाहीं याची शंकाही घेतो. हा गृहस्थ आरमाराच्या कचेरींतला, तेव्हां शंकेस वजन आहे.

आतां ईव्हलिनकडे परत वळूं. पैजेंत उतरली ती राजाची 'दुसरी नवी' नौका, असें तो म्हणतो. म्हणजे शर्यत 'मेरी'ची नव्हेच. इंग्लिश कारागिरांच्या नव्या बांधणीची ती परीक्षा होती. 'कॅथरिन' व 'ॲन' हीं नांवें नोंदींत नाहींत. तीं पुढील अभ्यासकांनीं जुळविलेलीं आहेत. जुळणी आम्हांस ग्राह्य वाटते, पण तीं ईव्हलिनच्या तोंडीं घालूं नयेत.

'मेरी' पुढें आरमाराकडे गेली व ता. २५ मार्च १६७५ रोजीं डब्लिनहून चेस्टरकडे येतांना धुक्यांत अँगलसीजवळच्या स्केरीझ खडकांवर फुटली. ३५ माणसें दगावलीं. १९७१ सालीं पाणबुड्यांना तेथें तिच्या काशाच्या तोफा सांपडल्या.